कंट्रोल फाइल गेली? बॅकअप आणण्याआधी हे पाहा

ओरॅकल डेटाबेस सांभाळणाऱ्या वाचकांचे प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतात, पण गाठ तीच असते. 'ऑटोबॅकअपमधून कंट्रोल फाइल परत आणली, तरी डेटाबेस उघडत नाही.' 'डेटाफाइल पुरेशी जुनी नाही असा एरर येतो, म्हणून आणखी जुना बॅकअप टाकला, तरी तेच.' 'रिसेटलॉग्ज केले तर आजच्या नोंदी जातील का?' यातली बहुतेक माणसे कंट्रोल फाइल गेल्यामुळे अडचणीत आलेली नसतात. ती गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासात जे केले, त्याने अडचणीत आलेली असतात.

सातबारा जळाला म्हणून शेत जळत नाही. कंट्रोल फाइलमध्ये तुमच्या ग्राहकांची एकही नोंद नसते. डेटाबेसचे नाव, त्याचा ओळख क्रमांक म्हणजे डीबीआयडी, कोणत्या डेटाफाइल आणि रीडो लॉग कुठे आहेत, कोणता बदल कुठपर्यंत लिहिला गेला आणि आरमॅनने घेतलेल्या बॅकअपची यादी, एवढेच तिच्यात असते. इन्स्टन्स सुरू होताना नोमाउंट टप्प्यात पॅरामीटर फाइल वाचली जाते, माउंटला कंट्रोल फाइल आणि ओपनच्या वेळी डेटाफाइल तिच्याशी ताडून पाहिल्या जातात. म्हणून कंट्रोल फाइल नसेल तर गाडी नोमाउंटवरच अडते आणि 'ओआरए-००२०५' दिसतो.

लेखातल्या कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टाइप अर्थातच रोमन लिपीत करायच्या.

आधी काय करू नका

- डेटाबेस अजून चालू असेल तर घाईने बंद करू नका. लिनक्सवर कोणी चुकून फाइल डिलीट केली, तरी ती आधीच उघडून बसलेल्या प्रोसेस काही काळ तग धरतात. त्या वेळात 'अल्टर डेटाबेस बॅकअप कंट्रोलफाइल टू ट्रेस' चालवून पाहा. जमले तर फार मोठे काम झाले. नाही जमले तर काही बिघडत नाही.
- 'रिस्टोअर डेटाबेस' चालवू नका. गेली आहे ती कंट्रोल फाइल. शाबूत डेटाफाइलवर परवाच्या डेटाफाइल आणून बसवल्या, आणि मधला एखादा अर्काइव्ह लॉग सापडला नाही, तर नसलेले नुकसान तुम्ही ओढवून घेतले.
- ऑनलाइन रीडो लॉगना हात लावू नका. शेवटच्या काही मिनिटांचे व्यवहार फक्त तिथेच असतात. जागा असेल तर सगळ्या रीडो लॉगची आणि उरलेल्या कंट्रोल फाइलची प्रत वेगळ्या डिरेक्टरीत काढून ठेवा. डेटाबेस बंद असताना नुसत्या कॉपी कमांडने हे काम होते. पुढे रिसेटलॉग्ज केले की मूळ रीडो लॉग नव्याने लिहिले जातात, तेव्हा हीच प्रत तुमची परतीची वाट असेल.

यानंतर अलर्ट लॉग उघडा. स्क्रीनवरचा ओआरए-००२०५ नुसते 'गडबड आहे' म्हणतो. नेमकी कोणती फाइल सापडली नाही ते अलर्ट लॉगमधल्या ओआरए-००२०२ आणि ओआरए-००२१० या ओळींत असते. कधी फाइल जागेवरच असते, माउंट पॉइंट लागलेला नसतो किंवा मालकी बदललेली असते. अशा वेळी बॅकअप शोधायला बसणे म्हणजे उगाच आगीत हात घालणे.

तुमची परिस्थिती कोणती?

1. कंट्रोल फाइलच्या काही प्रती गेल्या, एक तरी शाबूत आहे.
2. सगळ्या प्रती गेल्या, पण डेटाफाइल आणि ऑनलाइन रीडो लॉग शाबूत आहेत.
3. सगळेच गेले, हातात फक्त बॅकअप आहे.

दुसऱ्या परिस्थितीतल्या वाचकाने तिसरीचा उपाय करणे, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. म्हणून सर्व्हरवर जाऊन एकेक फाइल डोळ्यांनी पाहा आणि मगच पुढे जा.

एक प्रत शाबूत असेल तर

बॅकअपची गरजच नाही. 'कंट्रोल_फाइल्स' या पॅरामीटरमध्ये दिलेल्या सगळ्या प्रती एकसारख्याच असतात. इन्स्टन्स पूर्ण बंद करा, अगदी 'शटडाउन अबॉर्ट' करावे लागले तरी. मग चांगली प्रत हरवलेल्या प्रतीच्या जागी त्याच नावाने कॉपी करा, मालकी आणि परवानग्या तपासा आणि डेटाबेस सुरू करा. रिकव्हर नाही, रिसेटलॉग्ज नाही. ज्या डिस्कवर ती प्रत होती ती डिस्कच मेली असेल, तर पॅरामीटरमधून ते नाव काढून टाका आणि दुसरी प्रत नंतर सवडीने वेगळ्या जागी ठेवा. इन्स्टन्स चालू असताना मात्र ही कॉपी कधीही करू नका. लिहिणे चालू असलेल्या फाइलची प्रत अर्धवट निघते.

'ओआरए-००२१४' आला तर दोन्ही प्रती आहेत, पण त्यांचे व्हर्जन क्रमांक जुळत नाहीत. एरर दोन्ही क्रमांक सांगतो. सहसा मोठ्या क्रमांकाची प्रत खरी असते आणि ती दुसरीवर कॉपी करायची असते. दोन्हींची वेगळी प्रत आधी काढून ठेवली असेल तर अंदाज चुकला तरी मागे येता येते.

फाइल एएसएममध्ये असतील तर कॉपीऐवजी आरमॅन वापरा: नोमाउंटमध्ये 'रिस्टोअर कंट्रोलफाइल फ्रॉम' लिहून पुढे चांगल्या प्रतीचा पूर्ण पत्ता द्या.

सगळ्या प्रती गेल्या, पण बाकी शाबूत: दोन वाटा

बहुतेकांना एकच वाट माहीत असते, आरमॅनचा बॅकअप. दुसरी वाट म्हणजे ट्रेस स्क्रिप्टवरून कंट्रोल फाइल नव्याने तयार करणे. 'बॅकअप कंट्रोलफाइल टू ट्रेस' चालवल्यावर जी मजकुराची फाइल तयार होते, तिच्यात दोन स्क्रिप्ट असतात. पहिली 'नोरिसेटलॉग्ज'ची, दुसरी 'रिसेटलॉग्ज'ची. ऑनलाइन रीडो लॉग शाबूत असतील तर पहिली वापरा. नोमाउंटमध्ये 'क्रिएट कंट्रोलफाइल' चालवा, मग 'रिकव्हर डेटाबेस', मग साधे 'अल्टर डेटाबेस ओपन'. डेटाबेस नीट बंद झालेला असेल तर रिकव्हरच्या वेळी 'रिकव्हरीची गरज नाही' अशा अर्थाचा ओआरए-००२६४ येईल. तो शुभशकुन समजा.

या वाटेचा फायदा मोठा: रिसेटलॉग्ज टळते, लॉगचा क्रम तुटत नाही. तोटा असा की आरमॅनच्या बॅकअपची यादी नव्या फाइलमध्ये नसते, ती 'कॅटलॉग स्टार्ट विथ' देऊन पुन्हा भरावी लागते. टेम्पफाइलही पुन्हा जोडाव्या लागतात. आणि स्क्रिप्ट जुनी असेल तर त्यानंतर वाढवलेल्या डेटाफाइल तिच्यात हाताने घाला. त्या राहिल्या तर डेटाबेस उघडल्यावर 'मिसिंग' नावाने सुरू होणाऱ्या फाइल दिसतील आणि पोटात गोळा येईल.

माझे मत विचाराल तर: स्क्रिप्ट ताजी आणि रीडो शाबूत असेल तर हीच वाट घ्या. स्क्रिप्ट नाही, किंवा तिच्यावर भरवसा नाही, तर आरमॅन.

आरमॅनने परत आणण्याच्या पायऱ्या

1. आरमॅन उघडून टार्गेटला जोडा आणि 'स्टार्टअप नोमाउंट' द्या. एसपीफाइलही गेली असेल तर आरमॅनमधून 'स्टार्टअप फोर्स नोमाउंट' द्या. आरमॅन तात्पुरत्या पॅरामीटरवर इन्स्टन्स उठवतो. मग डीबीआयडी सांगून 'रिस्टोअर एसपीफाइल फ्रॉम ऑटोबॅकअप' करा आणि खऱ्या एसपीफाइलवर इन्स्टन्स पुन्हा नोमाउंटला आणा.
2. 'सेट डीबीआयडी' लिहून तुमचा क्रमांक द्या. रिकव्हरी कॅटलॉगला जोडलेले असाल तर याची गरज पडत नाही.
3. 'रिस्टोअर कंट्रोलफाइल फ्रॉम ऑटोबॅकअप' चालवा. पॅरामीटरमध्ये दिलेल्या सगळ्या ठिकाणी फाइल लिहिली जाईल.
4. 'अल्टर डेटाबेस माउंट'.
5. 'रिकव्हर डेटाबेस'. डेटाफाइल रिस्टोअर केल्या नसल्या तरी ही पायरी लागतेच, कारण परत आणलेली कंट्रोल फाइल जुनी आहे आणि डेटाफाइल तिच्या पुढे गेल्या आहेत.
6. 'अल्टर डेटाबेस ओपन रिसेटलॉग्ज'.

शेवटच्या पायरीला बरेच जण बिचकतात. बॅकअपमधली कंट्रोल फाइल वापरली की रिसेटलॉग्ज सक्तीचे आहे. साधे 'ओपन' दिले तर ओआरए-०१५८९ येऊन तुम्हाला परत पाठवले जाईल. यात डेटा जातो का? पाचव्या पायरीत शेवटच्या ऑनलाइन रीडो लॉगपर्यंत रिकव्हरी झाली असेल तर एकही व्यवहार जात नाही. ती अर्धवट राहिली असेल तर तेवढ्या नोंदी जातात, आणि रिसेटलॉग्ज झाल्यावर मागे येणे फार महागात पडते. म्हणजे भीती सहाव्या पायरीची नको, पाचवीची हवी.

तिसऱ्या परिस्थितीत, म्हणजे सगळेच गेले असताना, चौथ्या आणि पाचव्या पायरीच्या मध्ये 'रिस्टोअर डेटाबेस' येते. ऑनलाइन रीडो नसल्याने रिकव्हरी शेवटच्या उपलब्ध अर्काइव्ह लॉगला थांबेल. त्यानंतरच्या नोंदी कागदोपत्री किंवा इतर प्रणालीतून पुन्हा भराव्या लागतील, हे वरिष्ठांना आधीच सांगून टाका.

'ऑटोबॅकअप सापडला नाही'

आरमॅन-०६१७२ हा एरर पाहून बॅकअपच नाही असे समजू नका. बॅकअप असतो, आरमॅनला तो कुठे शोधायचा ते ठाऊक नसते. तुम्ही ऑटोबॅकअपसाठी वेगळी डिरेक्टरी ठरवून दिली होती, पण ते ठरवलेले साठवले होते कंट्रोल फाइलमध्येच! ती गेल्यावर आरमॅन मूळ जागी शोधतो आणि हात हलवत परत येतो. उपाय:

- 'सेट कंट्रोलफाइल ऑटोबॅकअप फॉरमॅट' देऊन तुमची डिरेक्टरी आणि शेवटी '%एफ' सांगा, मग पुन्हा रिस्टोअर करा.
- शोध मुळात मागच्या ७ दिवसांपुरताच असतो. बॅकअप त्याहून जुना असेल तर 'मॅक्सडेज' वाढवा. ३६६ पर्यंत देता येतो.
- बॅकअप टेपवर असेल तर चॅनेलची माहितीही गेलेली असते. ती हाताने द्यावी लागेल, त्यासाठी टेप सॉफ्टवेअरच्या सेटिंग हाताशी हव्यात.
- सगळ्यात सरळ उपाय, आणि मला तोच आवडतो: बॅकअपची फाइल तुम्हीच डिस्कवर शोधा आणि 'रिस्टोअर कंट्रोलफाइल फ्रॉम' पुढे तिचा पूर्ण पत्ता द्या.

डीबीआयडी आठवत नसेल तर ऑटोबॅकअपच्या नावात पाहा. मूळ पद्धतीच्या नावात 'सी', मग डीबीआयडी, मग तारीख आणि शेवटी अनुक्रम असतो. फास्ट रिकव्हरी एरियातल्या फाइलची नावे वेगळ्या धाटणीची असतात, त्यांत तो क्रमांक दिसत नाही. तेव्हा जुन्या बॅकअपचे लॉग उघडा. आरमॅन टार्गेटला जोडला की पहिल्याच काही ओळींत डीबीआयडी छापतो.

एकही ऑटोबॅकअप नसेल तर निराश होण्याआधी दोन जागा बघा. सिस्टिम टेबलस्पेसच्या पहिल्या डेटाफाइलचा बॅकअप घेतला की आरमॅन कंट्रोल फाइल त्यासोबत घेतोच. म्हणजे पूर्ण बॅकअपच्या एखाद्या पीसमध्ये ती असेल. दुसरी जागा स्नॅपशॉट कंट्रोल फाइल, जी आरमॅन बॅकअपच्या वेळी स्वतःसाठी बनवतो. युनिक्सवर ती सहसा ओरॅकल होममधल्या 'डीबीएस' डिरेक्टरीत असते. ती बॅकअप म्हणून ठेवलेली नसते, पण अडल्या वेळी कामाला आलेली आहे.

सगळा गोंधळ इथे होतो: शेवटचा लॉग

एसक्यूएल प्लसमधून 'रिकव्हर डेटाबेस यूजिंग बॅकअप कंट्रोलफाइल अन्टिल कॅन्सल' चालवणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

एकामागून एक अर्काइव्ह लॉग लागत जातात. मग एका क्रमांकाला ओरॅकल अशी अर्काइव्ह फाइल मागतो जी डिस्कवर नाही. वाचक 'कॅन्सल' लिहितो, रिसेटलॉग्ज करायला जातो आणि समोर ओआरए-०१५४७, ओआरए-०११९४ किंवा ओआरए-०११५२ उभे राहतात. ओआरए-०११५२ चा मजकूर फार फसवा आहे. 'फाइल पुरेशा जुन्या बॅकअपमधून आणलेली नाही' असे तो म्हणतो, आणि भलेभले लोक आणखी जुनी डेटाफाइल आणायला धावतात. खरा अर्थ एवढाच, की डेटाफाइल पुढे आहे आणि रिकव्हरी अजून तिथपर्यंत पोहोचलेली नाही. आणखी रीडो लावा, असे तो सांगत असतो.

मग तो लॉग कुठे आहे? तो अजून अर्काइव्ह झालेलाच नाही, ऑनलाइन रीडो लॉगमध्ये आहे. ओरॅकल फाइल मागेल तेव्हा 'कॅन्सल' न लिहिता ऑनलाइन रीडो लॉगचा पूर्ण पत्ता द्या. कोणता, हे ठरवायला 'व्ही$लॉग'वर विसंबू नका. परत आणलेल्या कंट्रोल फाइलची माहिती जुनी आहे. फाइलच्या बदलाची वेळ बघा, किंवा एकेक करून द्या. चुकीचा दिला तर ओआरए-००३१० येतो, नुकसान काही होत नाही. रिकव्हर पुन्हा सुरू करून पुढचा द्या. 'मीडिया रिकव्हरी कम्प्लीट' दिसेपर्यंत रिसेटलॉग्जचा विचार नको.

आरमॅनमधून केले तर ऑनलाइन लॉग तो सहसा स्वतःच शोधून लावतो. आरमॅन-०६०५४ आला तर त्याला एखाद्या लॉगचा पत्ता नाही असे समजा. डिस्कवर पडलेले अर्काइव्ह लॉग 'कॅटलॉग स्टार्ट विथ' देऊन दाखवा आणि पुन्हा रिकव्हर करा.

बॅकअपनंतर वाढवलेली डेटाफाइल हा आणखी एक खड्डा. एसक्यूएल प्लसमध्ये रिकव्हरी मध्येच ओआरए-०१२४४ देऊन थांबते आणि 'अननेम्ड' नावाची फाइल दिसते. खरी फाइल जागेवर असेल तर 'अल्टर डेटाबेस रिनेम फाइल' देऊन त्या नावाला खऱ्या पत्त्याशी जोडा आणि रिकव्हर पुन्हा सुरू करा.

इंटरनेटवर शोधाल तर एक छुपा पॅरामीटर हमखास सापडेल, अंडरस्कोअरने सुरू होणारा 'अलाऊ रिसेटलॉग्ज करप्शन'. तो लावला की डेटाबेस उघडतो खरा, पण आतला डेटा एकमेकांशी जुळेल याची हमी राहत नाही. ओरॅकल सपोर्टने सांगितल्याशिवाय तो लावू नका, आणि लावलाच तर त्यानंतर डेटा एक्स्पोर्ट करून नवा डेटाबेस उभा करण्याची तयारी ठेवा.

कोणत्या दिवसाची कंट्रोल फाइल आणायची?

सर्वसाधारणपणे सगळ्यात ताजी. तिला जास्त डेटाफाइल, जास्त बॅकअप ठाऊक असतात. अपवाद एकच: कोणी टेबलस्पेस ड्रॉप केली आणि तुम्हाला त्याआधीच्या क्षणाला परत जायचे आहे. ताज्या फाइलला ती टेबलस्पेस होती हेच माहीत नसते, म्हणून तिथे ड्रॉप होण्याआधीची लागते.

उघडल्यानंतर लगेच

- पूर्ण बॅकअप घ्या. १०जी पासून रिसेटलॉग्जच्या आधीचे बॅकअपही वापरता येतात, पण त्या भरवशावर रात्र काढू नका.
- टेम्पफाइल आहेत का ते 'डीबीए_टेम्प_फाइल्स'मध्ये पाहा. त्या नसतील तर सकाळी पहिला मोठा रिपोर्ट चालवणारा माणूस तुम्हाला फोन करेल.
- स्टँडबाय असेल तर तो नव्या इन्कार्नेशनवर आला आहे का ते तपासा.
- लॉगचा क्रम आता १ पासून सुरू होतो. अर्काइव्ह लॉग हलवणाऱ्या किंवा पुसणाऱ्या स्क्रिप्ट क्रमांकावर चालत असतील तर त्या तपासा.

आज, डेटाबेस ठणठणीत असताना

कंट्रोल फाइलच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा. एकाच डिस्कवरच्या दोन डिरेक्टरी म्हणजे दोन प्रती नव्हेत. 'कन्फिगर कंट्रोलफाइल ऑटोबॅकअप ऑन' आहे का पाहा. जुन्या आवृत्त्यांत तो मुळात बंद असतो. ट्रेस स्क्रिप्ट ठरावीक वेळाने आपोआप निघून दुसऱ्या मशिनवर जाईल अशी सोय करा. 'कंट्रोल_फाइल_रेकॉर्ड_कीप_टाइम' मुळात ७ दिवस असतो. बॅकअप त्याहून जास्त दिवस जपत असाल आणि कॅटलॉग नसेल तर तो वाढवा, नाहीतर जुन्या बॅकअपच्या नोंदी पुसल्या जाऊ शकतात.

तालीम करायला डेटाबेस बंद करावा लागत नाही. चालू डेटाबेसवर आरमॅनमधून 'रिस्टोअर कंट्रोलफाइल टू' लिहून एखाद्या तात्पुरत्या डिरेक्टरीतला पत्ता द्या. फाइल तिथे उतरली तर बॅकअप वाचता येतो एवढे सिद्ध झाले. चालू कंट्रोल फाइलला धक्का लागत नाही, फक्त पत्ता लिहिताना तिचा पत्ता देऊ नका.

देखभाल बाहेरच्यांकडे असेल तर

सहकारी बँका, कारखाने, रुग्णालये अशा ठिकाणी डेटाबेस बऱ्याचदा बाहेरची कंपनी सांभाळते आणि आतल्या माणसाकडे पासवर्डही नसतो. डेटा तुमचा आहे, त्यामुळे पुढच्या गोष्टी लेखी मागण्यात संकोच नको. दिल्या नाहीत तर करार नव्याने करताना अट म्हणून घाला:

- डीबीआयडी, ऑटोबॅकअपचा पत्ता आणि डेटाबेसची नेमकी आवृत्ती.
- ट्रेस स्क्रिप्टची ताजी प्रत, तुमच्या ताब्यातल्या मशिनवर.
- रिस्टोअर करून पाहिल्याची शेवटची तारीख आणि त्याचा आरमॅन लॉग. 'बॅकअप रोज होतो' हे याचे उत्तर नव्हे.
- ओरॅकल सपोर्टचा ग्राहक क्रमांक, म्हणजे सीएसआय, कोणाच्या नावावर आहे. सपोर्ट सशुल्क असतो आणि हा क्रमांक नसेल तर तक्रार नोंदवता येत नाही. डेटाबेस पूर्ण बंद असेल तर तक्रार सेव्हेरिटी १ म्हणून नोंदवा; तिच्यावर रात्रंदिवस काम होते, पण तुमच्या बाजूनेही कोणीतरी सतत उपलब्ध असावे लागते.
- रिसेटलॉग्ज किंवा छुपा पॅरामीटर वापरण्याआधी तुमची लेखी संमती घेतली जाईल, हे कलम.